औषध घेऊनही न भरणारा पोटातील व्रण
(महाशिवरात्रीच्या यात्रेनिमित्त प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया येथे झालेल्या आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



डोंगरावर महादेवाचे दर्शन घेऊन आणि दर्ग्यावर माथा टेकवून आपल्यापैकी अनेक जण या मांडवात आले आहेत. एकाच फेरीत दोन्ही ठिकाणी जाणारी माणसे ही प्रतापगडच्या यात्रेची जुनी ओळख आहे. जवळच्या वसाहतीतील तिबेटी बांधवही येथे उपस्थित आहेत. 

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक घरगुती वाटणारा विषय निवडला आहे. पोटात जळजळ होते, डॉक्टरांकडून कॅप्सूल आणली जाते, चार दिवस बरे वाटते आणि औषध संपले की दुखणे पुन्हा उभे राहते. असे वर्षानुवर्षे चालते. घरची मंडळी म्हणतात, 'याला जुना अल्सर आहे, तो काही जायचा नाही.' हे वाक्य आम्ही आमच्या बाह्यरुग्ण विभागात इतक्या वेळा ऐकले आहे की एके काळी आम्हालाही ते खरे वाटू लागले होते. ते खरे नाही, एवढेच सांगण्यासाठी आम्ही आज आपला वेळ घेत आहोत.

प्रथम व्रण म्हणजे काय ते पाहू. आपल्या जठरात जे आम्ल तयार होते ते मांसाचे पचन करण्याइतके तीव्र असते. तरीही ते जठरालाच खाऊन टाकत नाही, कारण जठराच्या आतील अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा एक थर सतत पाझरत असतो. धानाच्या बांधीला जशी पाळ असते तशीच ही पाळ समजावी. पाळ शाबूत असेल तोवर पाणी आपल्या जागी राहते. ती एखाद्या ठिकाणी खचली की आम्ल अस्तरात शिरते आणि तेथे जखम होते. ही जखम जठरात असेल तर तिला जठरव्रण म्हणतात, आणि जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असेल तर ग्रहणीव्रण म्हणतात. बोलीभाषेत दोन्हींना आपण अल्सर म्हणतो. परंतु या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे, तो आम्ही पुढे सांगणार आहोत.

या आजाराच्या उपचाराचा इतिहास बोधप्रद आहे. १९१० साली कार्ल श्वार्त्झ या शल्यचिकित्सकाने आम्ल नसेल तर व्रणही नसतो, असा सिद्धांत मांडला. त्यानंतर अनेक दशके वैद्यकशास्त्राचे सारे लक्ष आम्लावरच खिळून राहिले. रुग्णांना दूध आणि पातळ आहारावर ठेवले जाई. ते निष्फळ ठरले की जठराचा भाग कापून काढण्याची किंवा आम्लाची आज्ञा देणारी मज्जातंतूची शाखा छेदण्याची शस्त्रक्रिया केली जाई. आपल्यापैकी काहींच्या आजोबांच्या पोटावर त्या काळातील टाक्यांची खूण असेल. १९७६ मध्ये सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आम्ल कमी करणारे सिमेटिडिन हे औषध बाजारात आले आणि शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने घटू लागली. या कार्याचाही विचार होऊन ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी ओमेप्राझोल हे त्याहून प्रभावी औषध वापरात आले. आज आपल्या घरी जी कॅप्सूल असते ती याच कुळातील.

मात्र एक कोडे उरले होते. औषध चालू असेतोवर व्रण भरे आणि थांबवले की पुन्हा उघडे. असे का व्हावे? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्थ या शहरात सापडले. डॉ. रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वक्राकार जंतू दिसत. आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. डॉ. बॅरी मार्शल या तरुण सहकाऱ्याने ते जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचा प्रयत्न केला, परंतु दोन दिवसांत काही उगवत नसे आणि तबकड्या फेकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तबकड्या अधिक दिवस तशाच राहिल्या आणि सुट्टी संपल्यावर पाहतात तो त्यांवर जंतू वाढलेले! हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे मिश्रण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि वांत्या सुरू झाल्या व दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा दाह दिसून आला. या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जे दुखणे जन्मभराचे मानले जात होते ते दोन आठवड्यांच्या औषधांनी मुळातून नाहीसे होऊ शकते, हे जगाला कळले.

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. आम्ल कमी करणारी आजची औषधे व्यवस्थित घेतली तर दहापैकी साधारणतः नऊ व्रण ठरलेल्या मुदतीत भरून येतात. ग्रहणीव्रणासाठी ही मुदत आठ आठवड्यांची आणि जठरव्रणासाठी बारा आठवड्यांची मानली जाते. एवढ्या काळातही जो भरत नाही त्याला वैद्यकीय भाषेत दुःसाध्य व्रण म्हणतात. आमचा अनुभव असा की हा शब्द फार जपून वापरावा लागतो, कारण दुःसाध्य म्हटल्या गेलेल्या व्रणामागे बहुतेक वेळा एखादा न विचारलेला प्रश्न दडलेला असतो. तो प्रश्न न विचारता कॅप्सूलची आणखी एक पट्टी हाती देणे म्हणजे पाळ फुटलेल्या बांधीत पाणी सोडत राहण्यासारखे आहे.

येथे आम्ही एका रुग्णाची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

याच पंचक्रोशीतील एक पन्नाशीच्या बाई आमच्याकडे पोटदुखीसाठी येत असत. दरवेळी आम्ही त्यांना कॅप्सूल देत असू, त्यांना बरे वाटे आणि पुढील रोवणीच्या हंगामात त्या पुन्हा येत. असे तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी त्यांना घरच्यांनी खाटेवरून आणले. दोन दिवसांपासून डांबरासारखे काळे शौचास होत होते, चेहरा पांढराफटक पडला होता आणि उभे राहताच घेरी येत होती. रक्त चढवले, दुर्बिणीने तपासले, तेव्हा जठरात मोठा व्रण दिसला. जंतूही सापडले. आम्ही जंतूंचे औषध दिले व बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. जंतू नाहीसे झाले होते, परंतु व्रण तसाच होता. आम्ही चकित झालो. इतर कोणते औषध घेता का, हे आम्ही त्यांना यापूर्वीही विचारले होते आणि त्यांनी नाही म्हटले होते. त्या दिवशी त्यांच्या सुनेने सासूबाईंची चंची आमच्या टेबलावर उलटी केली. सुपारीबरोबर दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या बाहेर पडल्या. रोवणीत दिवसभर वाकून कंबर धरते म्हणून किराणा दुकानातून आणलेल्या. 'हे तर औषध आहे,' असे आम्ही म्हणताच बाई उद्गारल्या, 'ते का दवाई हाये जी? ते त अंगदुखीची गोळी.'

बाई खोटे बोलल्या नव्हत्या. औषध या शब्दाचा आमचा अर्थ आणि त्यांचा अर्थ निराळा होता, आणि तो जुळवून घेण्याची जबाबदारी आमची होती. तीन पावसाळे ती आम्ही पार पाडली नाही, हे आम्ही या मांडवात सर्वांसमक्ष मान्य करतो. ती गोळी बंद केल्यावर त्यांचा व्रण पूर्णपणे भरून आला.

या प्रसंगापासून न भरणाऱ्या व्रणाच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही पाच प्रश्न विचारतो. ते आपणही घरी लक्षात ठेवावेत.

पहिला प्रश्न : कॅप्सूल योग्य रीतीने घेतली जाते काय? आम्ल कमी करणारी ही औषधे जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागतात. जठराच्या ज्या पेशी आम्ल तयार करतात त्या अन्न आल्यावर जाग्या होतात, आणि त्या वेळी औषध रक्तात हजर असावे लागते. अनेक जण ती जेवणानंतर किंवा दुखेल तेव्हाच घेतात. अशाने अर्धाच गुण येतो. शिवाय दुखणे दोन-चार दिवसांत थांबते, जखम भरण्यास मात्र आठवडे लागतात. दुखणे थांबले म्हणजे जखम भरली, असे समजून औषध सोडून देणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

दुसरा प्रश्न : जंतू खरोखरच गेले आहेत काय? आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. बहुधा बालपणीच, घरातील माणसांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून तो येतो. त्यांतील बहुतेकांना आयुष्यात कधीही व्रण होत नाही, परंतु ज्यांना व्रण आहे त्यांच्या जठरातून तो काढून टाकणे आवश्यक असते. यासाठी सामान्यतः चौदा दिवस तीन-चार प्रकारची औषधे एकत्र घ्यावी लागतात. तोंडाला कडवट चव येते, मळमळते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्ण औषध टाकून देतो. अर्धवट मारलेले जंतू मग त्या औषधाला दाद देईनासे होतात. आपल्याकडे हगवणीसाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या वारेमाप खाल्ल्या जातात. त्यामुळे या जंतूंमध्ये त्या औषधाला न जुमानणारे पुष्कळ आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनबाबतही तशीच चिंता आहे. म्हणून आज बिस्मथयुक्त औषधयोजना अनेकदा निवडली जाते. बिस्मथने जीभ आणि शौच काळे होते, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र औषध देताना डॉक्टरांनी ते आधीच सांगावयास हवे. मेट्रोनिडाझोल चालू असताना मोहाची असो वा दुकानातील असो, दारू पूर्णपणे वर्ज्य आहे.

औषधाचा क्रम पूर्ण झाला की काम संपले, असेही नाही. जंतू गेले किंवा नाही हे पाहण्यासाठी श्वासाची, शौचाची अथवा दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याची तपासणी करतात. ही तपासणी प्रतिजैविके संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी आणि कॅप्सूल दोन आठवडे थांबवून केली तरच तिचा निष्कर्ष विश्वसनीय असतो. कॅप्सूल चालू असताना केलेली तपासणी जंतू असूनही ते नाहीत, असे खोटे आश्वासन देऊ शकते. रक्ताच्या तपासणीवर तर येथे विसंबून चालत नाही, कारण जंतू गेल्यावरही तिच्या खुणा रक्तात बराच काळ राहतात. कॅप्सूल थांबवणे सर्वांनाच सुरक्षित नसते, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

तिसरा प्रश्न : वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात काय? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि त्या कुळातील इतर गोळ्या दुखणे थांबवतात. परंतु १९७१ मध्ये सर जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की त्या शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याची निर्मिती रोखतात. याच द्रव्यामुळे दाह आणि वेदना होतात, आणि याच द्रव्यामुळे जठराची ती श्लेष्म्याची पाळही टिकून राहते. एकाच हाताने दोन्ही गोष्टी थांबतात. कित्येकांना वाटते की गोळीऐवजी सुई घेतली तर पोटाला अपाय होत नाही. हा गैरसमज आहे. औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचते, ते तोंडावाटे गेले की सुईवाटे, याने पाळीच्या खचण्यात मोठा फरक पडत नाही.

झाडीपट्टीतील आपल्या जीवनात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. येथे रोवणी आणि कापणीचे काम कंबर मोडणारे आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि सिकलसेलच्या वेदना असह्य असतात. त्यांनी वेदना सोसाव्यात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांचा वेदनेवरील उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावा, शक्य तेथे पॅरासिटामॉलसारखे पोटाला कमी त्रासदायक औषध योग्य मात्रेत वापरावे, आणि इतर वेदनाशामक अपरिहार्यच असेल तर सोबत जठराचे संरक्षण करणारे औषध द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. तसेच हृदयविकारासाठी अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी हे व्याख्यान ऐकून ती गोळी परस्पर बंद करू नये. त्यात जिवाला धोका आहे. तो निर्णय हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून घेतील.

चौथा प्रश्न तंबाखूचा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे व्रण उशिरा भरतात, हे अनेक वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. आपल्याकडे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून खर्रा खाल्ला जातो. त्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे वेगळे सांगावयास नको. पोटाच्या रुग्णाने तर या दोहोंपासूनही दूर राहणेच हिताचे आहे.

पाचवा प्रश्न सर्वांत गंभीर आहे : आपण ज्याला व्रण म्हणतो तो खरोखर साधा व्रणच आहे काय? जठरव्रण आणि ग्रहणीव्रण यांतील जो फरक आम्ही पुढे सांगू म्हणालो होतो तो हाच. ग्रहणीतील व्रण क्वचितच कर्करोगाचा असतो, परंतु जठरातील व्रणाबाबत तशी खात्री देता येत नाही. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अगदी साध्या व्रणासारखी दिसते. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की आम्ल कमी करणाऱ्या औषधाने कर्करोगाच्या व्रणाचेही दुखणे थांबते, इतकेच नव्हे तर त्याचा पृष्ठभाग काही काळ भरल्यासारखा दिसू शकतो. म्हणून जठरव्रणाच्या कडेचे अनेक तुकडे घेऊन तपासावे लागतात, आणि उपचारानंतर आठ ते बारा आठवड्यांनी दुर्बिणीने पुन्हा पाहून तो पूर्णपणे भरला असल्याची खात्री करावी लागते. न भरल्यास पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरीस मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले, हेही येथे ध्यानात घ्यावे.

याबाबतीतही एक कटू आठवण आम्ही आपल्यासमोर ठेवतो. एका गृहस्थांच्या जठरव्रणाचे पहिले तुकडे निर्दोष आले होते. दुसऱ्या तपासणीची तारीख धान कापणीच्या दिवसांत आली. पोट दुखत नव्हते, मजुरी बुडाली असती आणि गाडीभाड्याचाही प्रश्न होता. ते आले नाहीत. आम्हीही निरोप पाठवला नाही. वर्षभराने ते आले तेव्हा वजन उतरले होते, अन्न गिळल्यावर पोट लगेच भरत होते, आणि शस्त्रक्रियेने बरा होण्याचा काळ निघून गेला होता. दुसरी तपासणी वेळेवर झाली असती तर ते खात्रीने वाचले असते, असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु त्यांना ती संधी मिळावयास हवी होती.

या पाच प्रश्नांपलीकडेही काही कारणे आहेत, पण ती विरळा. १९५५ साली झोलिंजर आणि एलिसन या शल्यचिकित्सकांनी एका गाठीचे वर्णन केले. बहुधा स्वादुपिंडात किंवा ग्रहणीत असलेली ही गाठ एक संप्रेरक इतक्या प्रमाणात सोडते की जठरात आम्लाचा पूर येतो. क्वचित प्रसंगी क्षयरोग किंवा आतड्याचा दीर्घ दाहही व्रणाचे रूप घेऊन येतो. पाचही प्रश्नांची उत्तरे मिळूनही व्रण भरत नसेल तर रुग्णास मोठ्या केंद्रात पाठवणे हे आमचे कर्तव्य ठरते. शस्त्रक्रियेचा काळ सरला असे लोक म्हणतात, परंतु व्रण फुटला, जठराचे तोंड बंद झाले किंवा रक्तस्राव दुर्बिणीने थांबला नाही तर आजही शस्त्रक्रियाच प्राण वाचवते.

आपण आम्हाला नेहमी विचारता त्या आहाराच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. भातामुळे अल्सर होतो काय? रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये, आणि म्हैसूरला अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेले इंग्रज डॉक्टर फ्रँक टोव्ही यांनी १९७९ मध्ये, भारतातील व्रणांच्या भौगोलिक विभागणीवर लेख प्रसिद्ध केले. भातप्रधान प्रदेशांत व्रण अधिक आणि गव्हाच्या प्रदेशांत कमी, असे त्यांना आढळले होते. हा अभ्यास मोलाचा आहे, परंतु त्यावरून आपल्या गोंदियाच्या धानाला दोषी ठरवता येत नाही आणि भात सोडल्याने झालेला व्रण भरून येतो, असेही नाही. तिखटाने जळजळ वाढेल, पण व्रण तिखटामुळे होत नाही. दुधाने क्षणभर थंडावा वाटतो आणि नंतर आम्ल अधिक सुटते. तेव्हा आपला नेहमीचा आहार वेळेवर घ्यावा, जे सोसत नाही ते टाळावे, आणि उपासमार करून घेऊ नये.

आता रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती. काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, एकाएकी उठलेली तीव्र पोटदुखी आणि दगडासारखे ताठ झालेले पोट, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, हे खरे. परंतु रुग्णाला घेरी येत असेल किंवा तो पांढरा पडला असेल तर लोहाच्या गोळीवर खापर फोडून थांबू नका. वजन घटणे, गिळण्यास त्रास होणे, वारंवार उलट्या होणे किंवा रक्त कमी होत जाणे ही लक्षणे असतील तर कॅप्सूलने बरे वाटत असले तरी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि रुग्णालयात येताना घरातील सर्व गोळ्या, पुड्या, काढे, तेले, चंचीतील आणि फळीवरील, एका पिशवीत घालून घेऊन या. कोणते औषध आणि कोणते नाही, हे घरी ठरवू नका. आपल्याकडील वैदूचे औषध असो वा तिबेटी वैद्याची गोळी असो, ती आम्हाला दाखवताना संकोच बाळगू नका. आम्ही रागावणार नाही.

देणगीदार आणि विश्वस्त मंडळींना शेवटी एक निवेदन करावयाचे आहे. दुर्बीण विकत घेण्यासाठी देणगी मागणे सोपे असते. ती दाखवता येते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. परंतु या व्याख्यानात आम्ही ज्या दोन रुग्णांविषयी सांगितले त्यांना दुर्बिणीची उणीव नव्हती. एकीला हवा होता पुरेसा वेळ देऊन विचारलेला प्रश्न, आणि दुसऱ्याला हवा होता दुसऱ्या फेरीचा खर्च. पहिल्या तपासणीला माणूस वेदनेमुळे येतो. दुसरीच्या वेळी वेदना नसते, म्हणून त्याला कोणीतरी बोलवावे लागते. दुसरी तपासणी, तुकड्यांची चिकित्सा, जंतू गेल्याची खात्री करणारी चाचणी, प्रतापगडहून येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी, या खर्चाला पाटी लावता येत नाही. तरीही आपल्या दानातील काही वाटा या न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.

आम्ही आमच्याकडून असे ठरवले आहे की जठरव्रणाच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दुसऱ्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली जाईल, ती तारीख रोवणी व कापणीचे दिवस पाहून त्याच्या सोयीने ठरवली जाईल, आणि तो आला नाही तर आठ दिवसांच्या आत त्याच्या घरी निरोप जाईल. हा निरोप गेला नाही तर त्याचा जाब आपण आम्हाला विचारावा. तो आपला अधिकार आहे.

त्या बाई गेल्या रोवणीत पुन्हा बांधीत उतरल्या. कंबर अजूनही दुखते, असे त्या म्हणतात. पण आता गोळी घेण्यापूर्वी त्या आम्हाला विचारतात, आणि आम्हीही त्यांना विचारल्यावाचून पुढे जात नाही.